घरमोडीच्या लाकडातून हाती घडवलेला पलंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची सगळी मापं ७८ × ६० इंचांच्या, म्हणजे साडेसहा बाय पाच फुटांच्या गादीसाठी दिली आहेत. सुताराच्या भाषेतलं एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

कोल्हापुरात घरमोडीचं, म्हणजे जुनं घर उतरवताना निघालेलं, लाकूड कुठं मिळतं?

जिथं जुना वाडा किंवा कौलारू घर उतरवलं जातंय तिथं. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ, गंगावेश अशा जुन्या भागांत लक्ष ठेवा. घर उतरवण्याचा ठेका घेतलेल्या माणसाला आधी गाठलं, तर लाकूड वखारीत जाऊन मिसळण्यापूर्वीच हाती लागतं. टिंबर मार्केटमध्येही जुन्या मालाची चौकशी करता येते.

शक्यतो एकाच घराचं लाकूड घ्या. ते एकाच रंगाचं असतं, सारखं वाळलेलं असतं आणि पॉलिशनंतर जोडकाम ठिगळासारखं दिसत नाही. तुळईतून पाय आणि बाजूच्या लांब पट्ट्या निघतात, कडीपाटातल्या, म्हणजे जुन्या लाकडी छतातल्या, कड्यांतून आडवे तुकडे आणि मधला आधार, पाटांतून उशाकडची फळी. रिपा मात्र सोडून द्या. कौलांखालची रीप बारीक असते आणि खिळ्यांनी तिची चाळण झालेली असते.

साग आहे की दुसरंच काही, हे कसं ओळखायचं?

बाहेरचा रंग बघून ठरवू नका. चुलीच्या धुरानं आणि चुन्यानं शंभर वर्षांत सगळं लाकूड एकाच काळ्या-राखाडी रंगाचं होतं. टोकापासून दोन बोटं कापा किंवा एका कोपऱ्यावर रंधा मारा. साग आतून सोनेरी-तपकिरी निघतो, हाताला किंचित तेलकट लागतो आणि ताज्या सालपटाला जुन्या चामड्यासारखा वास येतो. कापलेल्या तोंडावर बारीक छिद्रांच्या ओळी वाढीच्या वलयांबरोबर फिरलेल्या दिसतात.

गगनबावडा, राधानगरीकडच्या घरांत ऐन, किंजळ, जांभूळ, फणस हे सर्रास भेटतात. ऐन जड आणि कडक असतो, त्यावर गडद रेघा असतात. पायांना आणि मधल्या आधाराला उत्तम, पण हाताच्या रंध्याला घाम काढतो. फणस कापताना पिवळा दिसतो आणि उजेडात हळूहळू तांबूस होतो. उशाकडच्या फळीला फार देखणा. शिसव जांभळट-काळी आणि वजनदार. आंबा हलका, किडीला लवकर बळी पडतो, भार सोसणाऱ्या भागाला वापरू नका.

साग नाही म्हणून लाकूड नाकारण्याचं काही कारण नाही. सरळ रेषांचा (रेषा म्हणजे लाकडाच्या तंतूंची दिशा), वाळलेला, निरोगी ऐन हा पांढऱ्या कडेच्या कच्च्या सागापेक्षा कितीतरी बरा.

कुठलं लाकूड अजिबात घेऊ नये?

रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर. ते क्रिओसोट नावाच्या डांबरी तेलात मुरवलेले असतात. ते तेल त्वचेला आणि श्वासाला घातक आहे आणि कितीही रंधा मारला तरी वास जात नाही. ज्यावर वर्षानुवर्षं जळकं ऑइल फासलंय ते लाकूडही झोपण्याच्या खोलीत नको.

शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतून बाहेर पडणारी पॅलेट, म्हणजे माल रचायच्या लाकडी चौकटी, पुष्कळ जण आणतात. त्यावर ‘एचटी’ असा छाप असेल तर ती उष्णता देऊन निर्जंतुक केलेली आहेत. गादीखालच्या आडव्या पट्ट्यांना चालतील. ‘एमबी’ छाप म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी. ती घरात आणू नका. छापच नसेल तर तीही नकोत.

लाकडाला बारीक भोकं आहेत. घ्यायचं का?

भोकं जुनी की चालू, यावर ते ठरतं. तुकडा काळ्या कागदावर आपटा. भोकातून फिकट, पिठासारखा ताजा भुसा पडला तर किडा आत जिवंत असू शकतो. भोकाची कड काळवंडलेली, आत धूळ आणि जाळी असेल तर काम बहुधा कधीच संपलेलं आहे. तरी खात्रीसाठी तेच लाकूड काळ्या कागदावर दोन-तीन आठवडे न हलवता ठेवा आणि रोज कागद बघा.

सागात भुंगा खातो तो मुख्यतः बाहेरची पांढरट कड. आतलं पक्कं लाकूड तो सहसा सोडून देतो. म्हणून पहिला उपाय औषध नव्हे, करवत. पांढरी कड पूर्ण उतरवा.

उरलेल्याला बोरॅक्स-बोरिकचं पाणी द्या. १० लिटर गरम पाण्यात ३०० ग्रॅम बोरॅक्स आणि २०० ग्रॅम बोरिक पावडर पूर्ण विरघळवा, हातमोजे घालून ब्रशनं सगळ्या बाजूंना तीन-चार हात द्या, टोकांना जास्त. जुना रंग किंवा तेलाचा थर असेल तर हे पाणी आत शिरतच नाही, त्यामुळं आधी रंधा, मग औषध. नंतर लाकूड परत वाळायला हवं. हे मीठ पाण्यात विरघळतं, म्हणून पलंग वारंवार ओल्या फडक्यानं पुसला तर औषध निघून जातं.

उन्हात काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून किडे मरतात का, असं बरेच जण विचारतात. लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटं राहिलं तर मरतात. वरचा पृष्ठभाग चटका देतो म्हणून आतली तुळई तितकी तापली असं होत नाही. जाड लाकडाला उन्हावर विसंबू नका.

महापुरात भिजलेल्या घराचं लाकूड चालतं का?

चालतं, पण दोन अडचणी असतात. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी घरांत दिवसेंदिवस उभं होतं. अशा घरातल्या चौकटींच्या आणि खांबांच्या खालच्या टोकांत भेगांमधून बारीक गाळ बसलेला असतो. हा गाळ म्हणजे वाळूच. रंध्याचं पातं दोन फटक्यांत बोथट होतं. तारेचा ब्रश, मग हवेचा पाइप, आणि खालचा फूटभर भाग सरळ कापून टाकणं हा सोपा मार्ग. दुसरी अडचण कुजण्याची. पटाशीचं टोक रेषेला आडवं टोचून उचका: निरोगी लाकडाची लांब चिपळी निघते, कुजलेल्याचा तुकडा बिस्किटासारखा कटकन तुटतो. असा तुटला की तो भाग बाद.

एका पलंगाला किती लाकूड लागतं?

तयार मापानं सुमारे ४.३ घनफूट. जुन्या लाकडात खाचा, खिळ्यांची भोकं, भेगा, पांढरी कड यात ४० ते ४५ टक्के जातं, म्हणून साडेसात ते आठ घनफूट घ्या. हिशेब सोपा: ६ × ५ इंच जाड आणि १० फूट लांब तुळई म्हणजे २ घनफुटांहून थोडी जास्त. अशा चार तुळया जवळजवळ पुरतात.

तयार तुकड्यांची मापं अशी:

- उशाकडचे पाय: २, प्रत्येकी ३ × ३ × ३६ इंच
- पायथ्याकडचे पाय: २, ३ × ३ × १६ इंच
- बाजूच्या लांब पट्ट्या, म्हणजे गाते: २, ६ × १½ इंच, दोन्हीकडच्या कुसवासह ७९¾ इंच लांब (कुसू म्हणजे पट्टीच्या टोकाला काढलेली, पायातल्या भोकात बसणारी जीभ)
- उशाची खालची आणि पायथ्याची आडवी पट्टी: २, ६ × १½ × ६५ इंच
- उशाची वरची पट्टी: १, ४ × १½ × ६५ इंच
- उशाकडची फळी: पाऊण इंच जाड, जोडून सुमारे ६१ × १४ इंच
- आधाराच्या आतल्या पट्ट्या (गात्यांना आतून लावायच्या, त्यांवर गादीखालच्या पट्ट्या टेकतात): २, १½ × १½ × ७२ इंच
- मधला आधार: १, ३ × २ × ७९ इंच, त्याला खाली दोन ठेंगणे पाय
- गादीखालच्या आडव्या पट्ट्या: १४, ३ × ¾ × ६०¾ इंच

आतली मोकळी जागा ७९ × ६१ इंच होते. गादीभोवती अर्धा-अर्धा इंच सुटतो, चादर खोचायला बोटं जातात. सागात या पलंगाचं वजन ८० किलोच्या आसपास भरतं आणि बाहेरचं माप ८५ × ६७ इंच. पेठेतल्या घराच्या जिन्यातून तो अखंड वर जाणार नाही. म्हणूनच लांब पट्ट्या सुट्या होणाऱ्या ठेवायच्या.

आधी नकाशा काढायचा की आधी लाकूड घ्यायचं?

आधी लाकूड. नव्या लाकडात माप तुम्ही सांगता, जुन्या लाकडात लाकूड सांगतं. सगळे तुकडे अंगणात मांडा, प्रत्येकावर खडूनं खाचा, भेगा आणि खिळे दाखवा, मग ठरवा कुठून काय काढायचं. सगळ्यांत लांब आणि सरळ दोन तुकडे आधी बाजूच्या पट्ट्यांसाठी राखून ठेवा. बाकी मापं थोडी इकडंतिकडं झाली तरी चालतात. पट्टी सहा इंचांऐवजी साडेपाच इंच मिळत असेल तर घ्या, पण चारवर येऊ नका. पट्टीचा ताठपणा तिच्या उभ्या रुंदीच्या घनाप्रमाणे बदलतो: सहा इंची पट्टी चार इंचीपेक्षा तिपटीहून जास्त ताठ.

जुनी खाच बाजूच्या पट्टीच्या खालच्या कडेला, मधोमध कधीही येऊ देऊ नका. वजन पडल्यावर खालची कड ताणली जाते आणि पट्टी तिथूनच फाटते. तीच खाच वरच्या कडेला, टोकाजवळ आली तर फारसं बिघडत नाही. बुंध्याचा मध्य ज्या तुकड्यात आहे त्याचे पाय करू नका, तो तडकतोच.

खिळे पूर्ण निघाले हे कसं कळणार?

डोळ्यांनी नाही कळत. जुने हातघडीचे खिळे गंजून लाकडाच्या रंगाचे झालेले असतात. लोखंडाभोवती लाकूड निळसर-काळं पडतं, तो डाग दिसला की तिथं खिळा आहे असं धरून चाला. मग हातातला मेटल डिटेक्टर सगळ्या बाजूंवरून फिरवा.

टोक मागून बाहेर आलं असेल तर मागून ठोकून डोकं वर आणा आणि अंबुरानं ओढा. अंबुराखाली लाकडाचा तुकडा ठेवा म्हणजे दाब पडत नाही. मधेच तुटलेला खिळा हा खरा त्रास. त्यासाठी खिळ्यापेक्षा थोड्या मोठ्या आतल्या व्यासाचा पोलादी पाइपचा तुकडा घ्या, कानशीनं त्याच्या तोंडाला चार दात पाडा, ड्रिलमध्ये लावा आणि खिळ्याभोवती गोल कापा. खिळ्यासकट लाकडाची गुल्ली बाहेर येते. उरलेल्या भोकात त्याच लाकडाची गुल्ली रेषा जुळवून चिकटवा. असा पाइप उद्यमनगरात लेथवर कुणीही करून देईल.

वखारीत चिरायला नेताना खिळे निघाले आहेत का हे खरं सांगा. एक खिळा राहिला तर पट्टी-करवत तुटते, आणि तुटलेलं पातं माणसाला लागू शकतं.

जुन्या दारावर रंगाचे थर आहेत. पॉलिश पेपर मारून काढू का?

नको. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग, झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं आहे असंच समजा. कोरडं घासलं की शिशाची धूळ उडते आणि लहान मुलांना ती सगळ्यांत जास्त बाधते. हीटगननं जाळू नका. रंग ओला करून खरवडा, खाली प्लास्टिक अंथरा, चांगल्या दर्जाचा मास्क लावा, मुलं आणि गरोदर बाई जवळपास नको, निघालेला रंग पिशवीत बांधून वेगळा टाका. दार साधंच असेल तर ते सोडून दुसरा तुकडा शोधणं अधिक शहाणपणाचं.

जुनं लाकूड वाळलेलंच असतं ना?

छपराखाली राहिलं असेल तर हो. पण घर उतरवल्यावर ते आठ दिवस पावसात पडून असतं, आणि तिथं घोळ होतो. मॉइश्चर मीटरवर १२ टक्क्यांच्या आसपास आकडा हवा, आणि तोही ताज्या कापलेल्या तोंडावर.

मीटर नसेल तर तुळईच्या टोकापासून फूटभर आत एक इंच जाडीची चकती कापा, वजन करा, मग ओव्हनमध्ये १०० ते १०५ अंशांवर वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवा. चकती १०० ग्रॅमची ८८ ग्रॅम झाली तर गेलेलं पाणी १२ ग्रॅम. भागिले ८८, म्हणजे साडेतेरा टक्क्यांच्या आसपास. हे चालेल.

लाकूड चिरल्यावर लगेच जोडायला बसू नका. वर्षानुवर्षं एका ताणात बसलेली तुळई चिरली की वाकते. प्रत्येक माप दोन सूत मोठं चिरा, सावलीत इंचभर जाडीच्या काड्या मधे घालून रचा, दोन आठवडे ठेवा आणि मगच रंधा मारा.

पावसाळ्यात काम करावं का?

चिरणं, साफ करणं, खिळे काढणं खुशाल करा. जोडकाम शक्यतो थंडीत किंवा उन्हाळ्यात. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत लाकूड फुगतं. चौदा इंच रुंद फळी हिवाळ्याच्या मानानं साधारण एक सूत रुंद होते. म्हणून उशाकडची फळी चौकटीच्या खाचेत सुटी बसवा, तिला फेविकॉल लावू नका. एप्रिलमध्ये बसवत असाल तर खाचेत दोन सूत जागा ठेवा. चिकटवून टाकलेली फळी पावसाळ्यात चौकट फोडते, नाहीतर उन्हाळ्यात स्वतः फाटते.

जोड कसे करायचे? नुसत्या स्क्रूवर भागत नाही का?

भागत नाही. लाकडाच्या उभ्या टोकात, म्हणजे रेषा जिथं संपतात तिथं, स्क्रू पकड धरत नाही. माणूस कुशीवर वळला की तोच जोड हलतो आणि भोक मोठं होत जातं.

उशाची आणि पायथ्याची चौकट कायमची चिकटवायची. आडव्या पट्टीला अर्धा इंच जाड, चार इंच उंच आणि दोन इंच लांब कुसू, आणि पायात तेवढंच भोक. कुसू हाताच्या दाबानं बसावं. मोगरीनं ठोकावं लागलं तर पाय फाटेल, आपोआप घसरलं तर फेविकॉल धरणार नाही. पट्टीची आणि पायाची आतली बाजू एका पातळीत ठेवा, म्हणजे गादीच्या कोपऱ्यात पाय येत नाही.

लांब पट्ट्यांना कुसू फक्त तीन सूत लांब ठेवा. त्याहून लांब केलं तर पायाच्या आत आडव्या पट्टीच्या कुसवाला जाऊन भिडतं. हे छोटं कुसू फक्त पट्टी फिरू देत नाही. ओढून धरायचं काम बोल्टचं. प्रत्येक कोपऱ्यात १० मिलिमीटरचा सहा इंची बोल्ट, पायाच्या बाहेरून. आधी अर्धा इंच खोल खळगी वायसर आणि डोक्यासाठी, मग ११ मिलिमीटरचं आरपार भोक. पट्टीच्या आतल्या अंगाला टोकापासून अडीच इंचांवर नटसाठी खिसा कोरा. आधाराची आतली पट्टी दोन्हीकडं साडेतीन इंच आखूड ठेवली आहे ती याचसाठी, पाना फिरायला जागा लागते. भोक पाडताना कोपरा जोडून, दाबून धरून एकदमच पाडा. वेगवेगळी पाडलेली भोकं जुळत नाहीत, हा सगळ्यांत जास्त होणारा घोटाळा.

ऐन किंवा बाभूळ वापरत असाल तर बोल्ट जस्ताचा मुलामा दिलेला किंवा स्टेनलेस घ्या. साधं लोखंड ओल लागली की या लाकडांत काळा डाग सोडतं.

फेविकॉल जुन्या सागावर धरतो का?

ताज्या रंधलेल्या पृष्ठभागावर धरतो. साग तेलकट आहे, म्हणून जोडण्याआधी लगेच थिनरच्या फडक्यानं पुसा, ते उडू द्या आणि मग लावा. थिनरजवळ आग नको, खिडक्या उघड्या ठेवा. क्लॅम्प रात्रभर, भार २४ तासांनंतर. मरीन जातीचा घेतलात तर दमट खोलीत निर्धास्त राहाल.

मधला आधार खरंच लागतो?

पाच फुटी पलंगाला लागतोच. पाऊण इंची पट्टी ६१ इंचांवर उघडी टाकली तर झोका होतो. तीन फुटी एकेरी पलंगाला पट्ट्या एक इंच जाड घेतल्या तर आधाराशिवाय चालतं.

गादीखाली प्लायवूड टाकू की पट्ट्या?

पट्ट्या. कोल्हापूरच्या पावसाळ्यात प्लायवर ठेवलेली गादी खालून घामेजते आणि बुरशी धरते. १४ पट्ट्यांमध्ये प्रत्येकी सुमारे अडीच इंच फट येते. फोम आणि काथ्याच्या गादीला ती योग्य आहे. घरात पिंजाऱ्याकडून भरून घेतलेली कापसाची गादी असेल तर कापूस फटीत उतरतो, म्हणून फट दीड इंचावर आणा; १८ पट्ट्या लागतील. पट्टीचा वरचा भाग जमिनीपासून १३ इंचांवर आणि गादी सहा इंच धरली, तर बसायची उंची १९ इंच येते. वयस्कर माणसांना त्यावरून उठणं सोपं जातं.

स्क्रू तुटतात. काय चुकतंय?

जुनं लाकूड दगडासारखं कडक झालेलं असतं. आठ नंबरच्या स्क्रूला आधी तीन मिलिमीटरचं भोक पाडा आणि आट्यांना मेण लावा. आधाराच्या पट्टीला अडीच इंची स्क्रू, दर आठ इंचांवर.

पलंग करकरतो. कुठून सुरुवात करू?

लाकडावर लाकूड जिथं घासतं तिथून. बहुतेक वेळा दोषी असतात आडव्या पट्ट्या आणि त्यांच्या खालचा आधार. मधे नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाची, पट्टी चिकटवा किंवा मेण चोळा. तरी आवाज राहिला तर कोपऱ्यांचे बोल्ट. पहिल्या पावसाळ्यानंतर लाकूड सुकून आकसतं आणि बोल्ट थोडे सैल होतात. दिवाळीच्या साफसफाईत एकदा पाना फिरवा.

भेगा आणि भोकं बुजवायची की तशीच ठेवायची?

भार नसलेल्या जागी तशीच ठेवा, ती त्या लाकडाची ओळख आहे. पायातली भेग आरपार असेल तर आडवा डमरूच्या आकाराचा तुकडा, रेषा भेगेला आडव्या ठेवून, अर्धा इंच खोल बसवा. पुट्टी भरू नका. वर्षभरात ती भेगेतून सुटून पडते.

शेवटचा हात कशाचा द्यायचा?

उकळलेलं जवसाचं तेल पातळ तीन हात, प्रत्येकात एक दिवसाचं अंतर, लावल्यावर वीस मिनिटांनी उरलेलं पुसून टाकायचं. न पुसलेलं तेल चिकट राहतं आणि चादरीला लागतं. चपडीचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश जास्त चमकतं, पण पाण्याच्या भांड्याचा पांढरा गोल डाग धरतं. काहीही लावलंत तरी खालच्या आणि आतल्या बाजूंनाही लावा. एकाच बाजूला पॉलिश असलेली फळी वाकते.

तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात कधीच टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि ढिगातलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. दोरीवर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा.

दुसऱ्या गावाहून लाकूड आणायला परवाना लागतो का?

सागाच्या वाहतुकीवर वनखात्याचं नियंत्रण आहे. जुन्या घराचं असलं तरी गाडी भरण्याआधी त्या भागाच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या, आणि विकणाऱ्याकडून घराच्या पत्त्यासह लेखी पावती घेऊन ती टेम्पोत ठेवा.